हृदयधमनीतील औषधी जाळी

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते; परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूंचे पोषण त्याला वेढणाऱ्या बारीक धमन्यांवर अवलंबून असते. या धमन्यांच्या भित्तीत मेदाचे थर साचले की रक्ताची वाट अरुंद होते आणि जिना चढतानाही छातीत कळ येते. छाती न उघडता ही वाट मोकळी करण्याचा मार्ग आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे दाखविला. धमनीत बारीक नळीवाटे फुगा न्यावयाचा व तो फुगवून अडथळा दाबावयाचा. पण कित्येकांची धमनी काही महिन्यांतच पुन्हा आक्रसे. म्हणून १९८६ पासून तेथे धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यास आरंभ झाला. विहिरीची माती ढासळू नये म्हणून आतून कडे बांधतात, तसाच हा प्रकार.

तरीही एक अडचण उरलीच. या खटाटोपात धमनीला जखम होते आणि ती भरून काढताना पेशी इतक्या वाढतात की, जाळीच्या आतच नवा अडथळा उभा राहतो. यावरील औषध मिळाले ते दूरच्या ईस्टर बेटावरील मातीत. १९६४ मध्ये तेथून आणलेल्या मातीतील सूक्ष्मजंतूपासून माँट्रियल येथे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांचे सहकारी यांनी रॅपामायसिन वेगळे केले. पेशींची वाढ रोखण्याचा गुण त्यात आढळला. त्याचा लेप दिलेले स्टेंट १९९९ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे प्रथम रुग्णांना बसविण्यात आले. लेपातून औषध हळूहळू झिरपते व धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण पुष्कळच घटते.

मात्र जे औषध अतिरिक्त वाढ थांबविते, तेच जाळीवर नैसर्गिक अस्तर चढण्यासही विलंब लावते. उघड्या धातूवर रक्ताची गुठळी जमण्याचा धोका असतो. पहिल्या पिढीच्या स्टेंटबाबत २००६ च्या सुमारास ही चिंता ठळकपणे पुढे आली. त्यानंतर जाळीच्या तारा अधिक बारीक झाल्या, लेप सुधारले आणि धोका कमी झाला. पण तो नाहीसा झालेला नाही. म्हणूनच गुठळी टाळणाऱ्या गोळ्या ठराविक मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात. कळ थांबली, आता गोळ्या कशाला, असे म्हणून डॉक्टरांना न विचारता त्या सोडणे प्राणावर बेतू शकते.

शिवाय स्टेंट एकच जागा मोकळी करतो. विकार मात्र सर्व धमन्यांत असू शकतो. तंबाखूचा त्याग, रक्तदाब व मधुमेह यांवर ताबा आणि नित्य चालणे यांचे काम कोणतीही जाळी करू शकत नाही.