ह्यांचा छंद आणि माझी हिशेबाची वही

आमचे हे सेवानिवृत्त झाले आणि नालवाडीच्या घराच्या मागच्या पडवीत लेथ आला. जुनाच, टेबलावर मावणारा. त्यावर ह्यांना वाफेचं इटुकलं इंजिन करायचं होतं, खरोखर चालणारं. मैत्रिणींनो, ह्यांचा रिकामा वेळ भरला म्हणून मला बरंच वाटलं. पण हिशेबाच्या वहीत दर आठवड्याला 'टूल' हा शब्द येऊ लागला, तेव्हा पदर खोचून मीच पडवीत गेले.

पहिली चूक कार्बाइडची. कुणीतरी सांगितलं म्हणून कार्बाइडच्या टोकांची टूल्स आणली. कार्बाइड कठीण खरं, पण ठिसूळ. आणि जुना लहान लेथ थरथरतो. आठवड्यात दोन टोकं उडाली. उरलेल्यांना धार लावायला जावं, तर घरच्या ग्राइंडरचं करडं चाक चालेना. त्याला हिरवं, सिलिकॉन कार्बाइडचं चाक लागतं. म्हणजे पुन्हा खर्च! त्या महिन्यात माझा मिक्सर राहिला. मी रागावले, लपवत नाही.

म्हटलं, "विळी बोथट झाली की आपण नवी आणतो, की धार लावतो?"

तिथून गाडी रुळावर आली. घरच्या लेथला हायस्पीड स्टीलची चौकोनी कांडी पुरते. साध्या चाकावर हवा तो आकार देता येतो, आणि एक कांडी घासत घासत कितीतरी दिवस जाते. भंगारात जुन्या कानशी नि यंत्रकरवतीची पाती मिळतात, तीही कामाची. पोलाद कोणतं ते ठिणगीवरून कळतं. कानशीची ठिणगी उजळ, फुलबाजीसारखी फुटणारी; हायस्पीडची मंद, तांबूस, तुरळक. ही पारख आता ह्यांच्यापेक्षा मलाच चांगली जमते!

कानशीचं टूल करताना मात्र पाण्यात वारंवार बुडवायचं. धार निळी पडली की तिचा कठीणपणा गेलाच. हायस्पीड तापलं तरी सोसतं, पण लालभडक झालेलं एकदम गार पाण्यात घालू नये, तडकतं. पितळेसाठी टूलची वरची बाजू सपाट ठेवावी. पोलादासारखा मागे उतार दिला तर टूल पितळेत घुसतं.

काटकसरीनं अवजार करणं आमच्या गावाला नवं नाही. विनोबा इथे राहत होते ते १९३० नंतरच्या दशकात, आणि सूतकताई हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. त्याआधी १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अट अशी, की चरख्याची किंमत १५० रुपयांच्या वर नको! हे मी ह्यांना अधूनमधून ऐकवते. चरख्याची चाती वाकली की सूत तुटतं, तसंच टूल ढिलं बसलं की काम खरबरीत होतं. नव्या टूलसाठी हट्ट धरण्याआधी पेच घट्ट आहेत का, टूलचं टोक कामाच्या मध्याच्या उंचीवर आहे का, ते पाहायला सांगावं.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. एका दुपारी ग्राइंडरवरचा कण ह्यांच्या डोळ्यात गेला. डॉक्टरांनी काढला, डोळा वाचला. पण त्या रात्री दोघांनाही झोप नव्हती. तेव्हापासून गॉगल लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोत, लोंबता पदर नको, सैल वेणी नको. चकची किल्ली चकात विसरायची नाही, यंत्र सुरू होताच ती गोळीसारखी सुटते. लोखंडाचा कीस मी चुंबकाला कागद गुंडाळून उचलते. कागद काढला की सगळा डब्यात. नातवंडं अनवाणी फिरतात हो.

इंजिन अजून झालेलं नाही. सिलिंडर झाला, चाक झालं, पिस्टन दोनदा बिघडला. मिक्सर मात्र गेल्या महिन्यात आला.