तयार खोल्यांची पेढी : सोय आणि सावधगिरी

व्यापार वाढला की प्रथम जागा अपुरी पडते. पर्वत पाटिया परिसरात भाड्याच्या गोदामात माल ठेवणाऱ्या सभासदांना दिवाणजी व ग्राहक यांच्यासाठी वेगळी बैठक हवी असते. परंतु दुसऱ्याच्या जमिनीवर पक्के बांधकाम करणे परवडत नाही. अशा वेळी कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येणारी, ‘पोर्टा केबिन’ या नावाने परिचित असलेली खोली उपयोगी पडते. तिच्याविषयी आम्हांस जे उमगले ते सभासद बंधुभगिनींपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

ही कल्पना नवी नव्हे. १८५१ साली लंडन येथील प्रदर्शनासाठी लोखंड व काच यांचे सुटे भाग जोडून ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारण्यात आला. पुढे तो उतरवून सिडनहॅम येथे नेला व १८५४ मध्ये पुन्हा खुला केला. वास्तू आपल्याबरोबर नेता येणे, हाच या पद्धतीचा मुख्य लाभ होय. भाडेपट्टा संपल्यास खोली क्रेनने उचलावी; काम वाढल्यास शेजारी दुसरी जोडावी.

खोलीचा सांगाडा पोलादी असतो आणि भिंतींत दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडविणारे पूरण भरलेले असते. पत्रे सर्वत्र सारखेच दिसतात. खरा भेद पूरणात असतो. थर्माकोल स्वस्त, पण आगीत चटकन वितळून पेटतो. पफ ऊन उत्तम अडवितो, परंतु जळताना विषारी धूर सोडतो. दगड वितळवून काढलेल्या तंतूंचे रॉकवूल जड व महाग असले तरी जळत नाही. आपण पोत्याच्या तोंडचा माल पाहून सौदा करीत नाही, आतील नमुना काढतो. त्याचप्रमाणे भिंतीचा कापलेला तुकडा मागवून पूरण पाहावे व बिलावर त्याचे नाव लिहून घ्यावे.

हा आग्रह अनाठायी नाही. २४ मे २०१९ रोजी आपल्याच शहरात, सरथाणा येथील तक्षशिला इमारतीला आग लागली. गच्चीवर ज्वालाग्राही साहित्याने केलेल्या छपराखाली शिकवणी चालत असे. त्या आगीत २२ जीव गेले. म्हणून गच्चीवर अशी खोली चढवू नये, बाहेर पडण्यास दोन दारे ठेवावीत, आणि पत्र्याच्या खोलीस अर्थिंग अवश्य करावे. ‘तात्पुरती आहे’ म्हणून परवानगी लागत नाही, असेही गृहीत धरू नये. महानगरपालिकेकडे आधी विचारणा करावी.

दुसरे भय पाण्याचे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरतेचा मोठा भाग बुडविला. आपल्या भागात तर जुलै २०२४ व जून २०२५ मध्ये खाडीचे पाणी चढले. वीस फूट लांब व आठ फूट रुंद खोलीभोवती एक फूट पाणी साचून आत शिरले नाही, तर तिला वर उचलणारा जोर सुमारे साडेचार टन होतो. खोलीचे वजन याहून कमी असल्यास ती जागची हलू शकते! यास्तव जोते मागील पुराच्या खुणेहून उंच घ्यावे व चारही कोपरे काँक्रीटमध्ये बोल्टांनी जखडावेत.

काटकसर हा आपल्या व्यापाराचा गुणच आहे. ती रंगात करावी, फर्निचरात करावी. पूरण, जोते आणि दुसरे दार यांत मात्र कदापि करू नये. खोलीत बसणारी माणसे आपल्याच घरची व आपल्याच भरवशावरची असतात.