परमवीरचक्रानंतरची वर्षं

बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे गावात मला सगळे फौजी म्हणतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून पेन्शन घेऊन आलो, तेव्हा पारावर पहिला प्रश्न झाला, "किती मारले?" सॅपरला काय विचारता हे! आमचं काम सुरुंग काढायचं, पूल बांधायचं, रस्ता करायचं. म्हणून मी पोरांना आमच्याच बॉम्बे सॅपर्सच्या राणेसाहेबांचं सांगतो.

रामा राघोबा राणे. जन्म 26 जून 1918, कारवारजवळच्या चेंडियाचा. वडील पोलीस शिपाई. 1940 साली साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर 1947 मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, 8 एप्रिल 1948 ला, पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता खुला करायचं काम अंगावर आलं. शत्रूनं सुरुंग पेरलेले, वरून तोफगोळे. दोन जवान ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे. तरी ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत सुरुंग शोधत गेले. आतल्या चालकाला थांब की चल, हे दोऱ्या ओढून कळवायचं. 10 तारखेला पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग, तीही हटवली. 11 ला सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत काम. रणगाडे त्याच रस्त्यावरच्या चिंगसला पोचले.

जिवंतपणी परमवीरचक्र मिळवणारे ते पहिले. भाषणं इथंच संपतात. पण माणूस त्या लढाईनंतर सेहेचाळीस वर्षं जगला. 1955 ला लग्न, पत्नी राजेश्वरी, तीन मुलगे, एक मुलगी. 1968 ला मेजर म्हणून निवृत्ती, पण पुन्हा सेवेत घेतल्यामुळे 1971 पर्यंत लष्करातच. परमवीराच्या घरीसुद्धा महिन्याचा किराणा भरावाच लागतो. 1984 मध्ये एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव मिळालं, ते हयात असताना! 11 जुलै 1994 ला पुण्यात ते गेले.

आपल्याकडे तिरंग्यात गुंडाळून आलेल्या जवानासाठी गाव लोटतं, ते योग्यच. म्हातारा होऊन खाटेवर पडलेल्याकडे मात्र कुणी फिरकत नाही. तुमच्या गल्लीत असा कुणी असेल तर कुठं कुठं होतात, काय काम केलंत, एवढं विचारा. आणि एक काम करा: त्यांच्या लष्करी कागदांवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, बघा. माणूस गेल्यावर कुटुंब पेन्शन बऱ्याचदा त्यावरच अडते. जुळत नसेल तर ते हयात असतानाच बुलढाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.