आधी शून्य, मग काम

लेखमाला : यंत्र कसं चालतं? लेखांक ६

करी रोड स्टेशनच्या आसपास गिरण्या चालू होत्या, तेव्हा सकाळी माग सुरू करताना धोटा नेमका कुठे आहे हे मागाला सांगावं लागत नसे. क्रँकशाफ्टचा एक फेरा म्हणजे एक आडवा धागा. साध्या विणीत खालचा टॅपेट शाफ्ट दातेरी चाकांनी त्याला जखडलेला असे आणि वरच्या दोन फेऱ्यांना तो एक फेरा घेई. १८ जानेवारी १९८२ च्या संपात थांबलेला माग दोन वर्षांनी फिरवला असता, तर गंजाने कुरकुरला असता. पण धोटा आणि फणी यांचा मेळ चुकला नसता, कारण तो मेळ लोखंडातच कोरलेला होता.

आज त्याच पट्ट्यातल्या एखाद्या गाळ्यात सीएनसी राउटर असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांसाठी कागद, कापड आणि एमडीएफकडे अधिक लक्ष गेलं. एमडीएफवरची नक्षी राउटर झटपट कापतो. त्याच्या एक्स, वाय आणि झेड या तिन्ही अक्षांना स्वतंत्र मोटर असते, एकमेकांशी जोडणारा शाफ्ट नसतो. मागच्या आठवड्यात आपण पाहिलं की स्टेपर मोटरला कंट्रोलर ठोके पाठवतो आणि ते मोजत जातो. ही मोजणी लोखंडात नसते, मेमरीत असते. वीज गेली की मोजणी पुसली जाते. शिवाय बंद मशीनचं हेड कोणी हाताने सरकवलं, तर कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मशीन चालू केल्यावर पहिलं काम होमिंगचं : प्रत्येक अक्ष एका ठरलेल्या स्विचपर्यंत नेऊन तिथून शून्य धरायचं.

हा होम स्विच साधा मायक्रोस्विच असतो, नाहीतर प्रॉक्सिमिटी सेन्सर, ज्याला कारागीर ‘प्रॉक्सी’ म्हणतात. लाकडाचा भुसा उडतो तिथे इंडक्टिव्ह प्रॉक्सी बरा, कारण तो फक्त धातू ओळखतो. प्रकाशाच्या सेन्सरपुढे भुसा साचला की तो फसतो. प्रॉक्सीसमोरची पट्टी मात्र लोखंडाची लावावी. अ‍ॅल्युमिनियम त्याला बरंच जवळ आल्यावरच जाणवतं.

स्विच लागला की शून्य, इतकं हे सोपं का नाही, ते गणिताने कळतं. समजा अक्ष मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाने येतोय, म्हणजे सेकंदाला ५०. सिग्नल गाळून वाचायला कंट्रोलरला १० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात अक्ष अर्धा मिलिमीटर पुढे गेलेला असतो. हा उशीर दर वेळी थोडा कमी-जास्त होतो, म्हणून शून्यही हलतं. वेग मिनिटाला १५० केला, तर तेवढ्याच उशिरात अक्ष जेमतेम ०.०२५ मिलिमीटर सरकतो. म्हणून होमिंग दोन फेऱ्यांत होतं. आधी वेगात येऊन स्विच शोधायचा, थांबायचं, मागे सरून तो सोडायचा; मग हळू पुढे येऊन तो लागला त्या क्षणाची जागा नोंदवायची. शेवटी स्विचपासून काही मिलिमीटर दूर उभं राहायचं.

हळू फेरीची दिशा कायम एकच हवी. अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये ‘प्ले’, म्हणजे थोडी ढिलाई, असतो आणि स्विच लागण्याची जागा व सुटण्याची जागा एक नसते. एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून शून्य घेतलं, तर दोन वेगळी शून्यं मिळतात. मशीन सुरू करतानाच अक्ष स्विचवर बसलेला असेल, तर त्याने आधी मागे सरायचं आणि मग नेहमीच्या दिशेने यायचं. आणि तिन्ही अक्षांत पहिला मान झेडचा. कटर वर उचलल्याशिवाय एक्स-वाय हलले, तर कटर शीटमध्ये घुसून मोडतो.

सर्व्हो मोटरच्या मशीनवर आणखी बारीक अचूकता मिळते. मोटरचं फिरणं मोजणारा एन्कोडर प्रत्येक फेऱ्यात एकदाच इंडेक्स पल्स देतो. तिथे स्विच फक्त फेरा कोणता ते सांगतो, नेमकं शून्य पल्स ठरवतो. स्विच अगदी पल्सच्या काठावर बसला असेल, तर आज हा पल्स धरला जातो, उद्या पुढचा. बॉल स्क्रूची पिच ५ मिलिमीटर असेल, तर सगळा जॉब बरोब्बर ५ मिलिमीटर सरकतो. चूक पिचइतकीच आली की प्रोग्रॅम न चाळता स्विच बघावा आणि तो दोन पल्सच्या साधारण मध्यावर येईल असा सरकवावा.

अक्ष टोकाला आपटू नये म्हणून असतो तो लिमिट स्विच. तो नॉर्मली क्लोज्ड जोडतात, म्हणजे वायर तुटली तरी मशीनला टोक आल्यासारखं वाटून ते थांबतं. छोट्या मशीनवर एकच स्विच होम आणि लिमिट अशी दोन्ही कामं करतो. तिथेही जोडणी हीच ठेवावी. स्पिंडलच्या ड्राइव्हची केबल स्विचच्या वायरला चिकटून नेली, तर तिच्या विद्युत गोंगाटामुळे वाटेतच खोटं होम मिळू शकतं.

अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर असलेल्या मशीनला होमिंगचा हा रोजचा खटाटोप नसतो, कारण वीज गेली तरी अक्षाची जागा त्याच्या आठवणीत राहते. पण अनेक मशीनवर ती आठवण बॅटरीवर टिकते, म्हणून बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची असते. बंद असताना बदलली, तर पुन्हा शून्य बसवायला तंत्रज्ञाला बोलवावं लागतं. लोखंडाकडून मेमरीकडे काम सोपवल्याची ही किंमत आहे. बदल्यात नवी नक्षी हवी असेल, तर दातेरी चाकं किंवा टॅपेट न बदलता नुसती फाइल बदलली की भागतं. होमिंगचे काही सेकंद त्यापुढे स्वस्तच म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात : मशीनचं शून्य आणि जॉबचं शून्य वेगळं का ठेवतात, आणि कापणी अर्ध्यात असताना वीज गेली तर तोच जॉब पुढे कसा चालू करतात.