घरातील व बागेतील सामान्य मुंग्यांची ओळख

प्रस्तावना : मुंग्यांचा समावेश हायमेनॉप्टेरा गणातील फॉर्मिसिडी कुलात होतो. व्यवहारात त्यांना लाल मुंगी, काळी मुंगी, मुंगळा अशी नावे रंग व आकारावरून दिली जातात. तथापि भिन्न प्रजातींचा रंग सारखा असू शकतो आणि एकाच वारुळातील कामकरी मुंग्या लहानमोठ्या असतात. त्यामुळे केवळ या नावांवरून प्रजाती निश्चित होत नाही. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या काही प्रजातींची ओळख साध्या भिंगाच्या साहाय्याने कशी करता येते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

ओळखीची लक्षणे : वक्ष व उदर यांना जोडणाऱ्या बारीक कमरेवर एक किंवा दोन गाठी असतात. प्रथम त्या मोजाव्यात.

दोन गाठी असलेल्या मुंग्यांपैकी स्वयंपाकघरातील सुमारे २ मि.मी. लांबीची पिवळसर मुंगी मोनोमोरियम फॅराओनिस होय. मूळची अमेरिका खंडातील सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही तांबूस मुंगी बागेच्या मातीत राहते व तिचा दंश दाहक असतो. तिच्या शृंगिकेच्या टोकाचा गदेसारखा भाग दोन खंडांचा, तर मोनोमोरियममध्ये तो तीन खंडांचा असतो.

एक गाठ असलेल्या मुंग्यांत काळा मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, सर्वपरिचित आहे. त्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो व फॉर्मिक आम्ल सोडतो. अतिशय लांब पाय व शृंगिका असलेली, वेडीवाकडी धावणारी काळसर मुंगी पॅराट्रेचिना लाँगिकॉर्निस असते. डोके गडद व उदर फिकट असलेल्या चिमुकल्या टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलममध्ये गाठ उदराखाली झाकलेली असते. आंब्यावर पाने जोडून घरटे करणारी ओंबील म्हणजे इकोफायला स्मॅरॅग्डिना.

पहिल्या पावसात दिव्याभोवती येणारे पंखधारी कीटक अनेकदा वाळवी असतात. वाळवीचे चारही पंख समान, शृंगिका सरळ व कंबर रुंद असते. मुंगीचे पुढील पंख मोठे, शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या व कंबर बारीक असते.

ओळखीचे महत्त्व : मोनोमोरियम फॅराओनिसच्या वसाहतीत अनेक राण्या असतात. कीटकनाशक फवारल्यास वसाहत विभागून नव्या ठिकाणी पसरते व उपद्रव वाढतो. तेथे कामकरी मुंग्या घरट्यात नेतील असे मंद विषारी आमिष उपयुक्त ठरते. याउलट ओंबील फळबागेतील अनेक उपद्रवी कीटकांचे भक्षण करते. मात्र ती पिठ्या ढेकणांचे रक्षणही करते. म्हणून नियंत्रणाचा निर्णय घेण्यापूर्वी प्रजातीची निश्चिती आवश्यक आहे.

निष्कर्ष : कमरेवरील गाठी, शृंगिका व वस्तीचे ठिकाण ही तीन लक्षणे क्रमाने तपासल्यास परिसरातील सामान्य मुंग्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत अल्प साधनांत ओळखता येतात.