पेपर अवघड की वेळ अपुरा?
बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाची पूर्वपरीक्षा संपली की ‘पेपर अवघड होता’ ही तक्रार हमखास ऐकू येते. ‘आयबीपीएस’च्या या परीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात आणि प्रत्येक विभागास २० मिनिटे. ३५ प्रश्नांच्या विभागात एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम ३४ सेकंद येतात. चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण वजा होतात. त्यामुळे पाच पर्यायांतून अंदाजाने उत्तरे ठोकल्यास सरासरी लाभ शून्यच. पेपर सर्वांनाच अवघड गेला, तर कट-ऑफही खाली येतो. निरनिराळ्या सत्रांतील काठिण्याचा फरकही गुणांच्या समानीकरणातून विचारात घेतला जातो. म्हणूनच कोणता प्रश्न सोडून पुढे जावे, हे वेळीच उमगणाऱ्या उमेदवारालाच मुख्य परीक्षेचे दार गाठणे सोपे जाते.