मणक्याचा संसर्ग वाढतोय, असं कधी म्हणायचं?

समजा, तुमचा विषय आहे: औंढा नागनाथ तालुक्यातल्या प्रौढांमध्ये मणक्याच्या हाडाच्या संसर्गाचं प्रमाण वाढतंय का? नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या नोंदी काढल्या, दरवर्षीचे रुग्ण मोजले, आलेख काढला. झालं का काम? थांबा, आधी हे चार प्रश्न विचारा.

1. आजार नेमका कोणता? युरोपातले अभ्यास बहुधा पू करणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग मोजतात. आपल्याकडे मणक्याचा क्षयही मोजावा लागतो. आयसीडी-10 मध्ये पहिला एम46 खाली येतो, हाडांचा क्षय ए18.0 खाली. फक्त एम46 शोधलंत, तर क्षयाचे रुग्ण यादीतून गायब!

2. रुग्ण नवा की जुना? हाडाच्या क्षयाचे उपचार वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात. म्हणजे एकच माणूस दोन वर्षांच्या यादीत येऊ शकतो. नवे रुग्ण मोजायचे, तर त्याला एकदाच धरा.

3. छेदात कोण? औंढ्याचा रुग्ण नांदेडला जाईल किंवा परभणीला. म्हणून रुग्णालय नाही, पत्ता धरा. छेदातही फक्त प्रौढच घ्या. शिवाय हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचे जिल्ह्याचे आकडे तसेच जोडता येत नाहीत.

4. आजार वाढला की शोध? डेन्मार्कच्या फ्यून भागात पू होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण 1995 ते 2008 मध्ये लाखामागे 2.2 वरून 5.8 वर गेलं. वाढतं वय, मधुमेह, डायलिसिस ही खरी कारणं असू शकतात. पण एमआरआय वाढले की निदानही वाढतं. भारतात 2012 पासून क्षयाची नोंद सक्तीची झाली, त्याचाही परिणाम आकड्यांवर होतो.

आणि लहान आकड्यांना भुलू नका. एका वर्षी 3 रुग्ण, पुढच्या वर्षी 6, म्हणजे ‘दुप्पट’? 3 या आकड्याची 95 टक्के विश्वासमर्यादाच साधारण 0.6 ते 8.8 आहे. 6 त्यातच बसतो.

उलटही खरं: नोंद कमी म्हणजे आजार कमी, असं नाही. पाठदुखीच्या गोळ्या खात महिने काढणारा, एमआरआयपर्यंत न पोचलेला माणूस तुमच्या आलेखात शून्य असतो. उशिरामुळे त्याचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून प्रत्येक रुग्णापुढे एक रकाना ठेवाच: दुखणं सुरू झाल्यापासून निदानापर्यंत किती दिवस गेले? रुग्ण वाढले आणि हे दिवस घटले, तर वाढ निदान सुधारल्यामुळे असण्याची शक्यता आधी तपासा.